राईट मारा, पण तोंड कुठे करून?

नगरहून सोलापूरच्या रस्त्याने निघालेल्या गाडीवाल्याने मिरजगावात कर्जतची वाट विचारली, तर ‘राईट मारा’ हे उत्तर बरोबर. करमाळ्याकडून येणाऱ्याने तेच उत्तर पाळले, तर तो कर्जतकडे पाठ करून कड्याच्या, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या वाटेला लागेल. गाव तेच, रस्ते तेच, फिरले आहे ते फक्त गाडीचे तोंड. ‘लेफ्ट घ्या’, ‘राईट मारा’ या बोलण्याला मराठीच्या काळजीपोटी नावे ठेवली जातात. ती काळजी खरी असली तरी चुकीच्या जागी खर्च होते, असे माझे मत आहे. ड्रायव्हर, क्लीनर, रिक्षावाले यांनी हे शब्द केव्हाच आपलेसे केले आहेत, आणि त्यांच्या जागी ‘डावीकडे-उजवीकडे’ घातले तरी करमाळ्याकडून आलेला माणूस चुकायचा तो चुकणारच. आपल्या हातून निसटते आहे ती ऐकणाऱ्याचे तोंड कुठेही असले तरी न बदलणारी खूण.

अशी खूण सांगायची रीत मराठीत मुरलेली आहे. उगवतीला, मावळतीला, ओढ्याच्या पल्याड, देवळाच्या वरल्या अंगाला. शेतजमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, त्यात पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस शिवरस्ता अशी नोंद असते. डावे-उजवे तिथे चालतच नाही, कारण पन्नास वर्षांनी तो कागद हातात घेणारा बांधावर कोणत्या बाजूला उभा असेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या गुगु यिमिथिर भाषेत तर जवळच्या वस्तूंची जागासुद्धा उत्तर-दक्षिणेनेच सांगायची रीत होती. अभ्यासकांनी या भाषकांना अनोळखी ठिकाणी नेऊन दूरच्या जागांची दिशा विचारली, तेव्हा ती त्यांनी थोड्याच फरकाने बरोबर दाखवली. रोज दिशेने बोलणाऱ्याला दिशेचे भान सतत ठेवावेच लागते. गुगलनेही 2009 मध्ये भारतातल्या नकाशांत वाट सांगताना ठळक खुणांचा आधार घ्यायला सुरुवात केली, कारण इथली माणसे रस्त्याच्या नावापेक्षा पंप, देऊळ, शाळा यांवरून वाट ओळखतात.

यावर कुणी म्हणेल, भरधाव गाडीत उगवत-मावळत शोधायला वेळ कुणाला? आक्षेप रास्त आहे. वळणाच्या तोंडाशी ‘लेफ्ट’ एवढेच पुरते आणि तेच बोलावे. रात्री, ढगाळ हवेत किंवा परक्या शहरात सूर्याच्या भरवशावर राहता येत नाही, हेही खरे. खुणाही टिकतातच असे नाही. रस्ता रुंद होताना वड तोडला जातो, दुकानाची पाटी बदलते. पण म्हणून खूण सोडून द्यायची नसते, टिकाऊ खूण निवडायची असते. नदी, डोंगर, पुढचे गाव सहसा जागा सोडत नाहीत. शिवाय डाव्या-उजव्याचा घोटाळा चांगल्या शिकलेल्या माणसांचाही होतो. अपघाताच्या वेळी फोनवर रुग्णवाहिका बोलावताना तर ती कोणत्या बाजूने येणार, हे सांगणाऱ्याला माहीतच नसते. तिथे नुसते ‘लेफ्ट’ म्हणणे म्हणजे वेळ घालवणे. तेव्हा लेफ्ट-राईट खुशाल म्हणा, पण त्यामागे एक गाव जोडा: ‘राईट मारा, कर्जतच्या अंगाला.’ आणि घरातल्या पोरांना अंगणात उभे करून उगवत कुठली, मावळत कुठली, एवढे तरी दाखवून ठेवा.