मनगटाचा जोर कोठे असतो?

‘मनगटाच्या जोरावर मिळवले’ असे आपण सहज म्हणतो. मराठी माणसाने आपले सारे बळ मनगटात नेऊन ठेवले आहे; पण शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले तर तेथे बळ असे काही सापडत नाही. मनगटात ८ लहान हाडे आहेत, ती एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध आहेत आणि वरून जाणाऱ्या कंडरा आहेत. मनगट हलविणारे मांसल स्नायू सारे कोपराखालच्या भागात. कळसूत्री बाहुलीसारखा हा प्रकार आहे. दोऱ्या इथे, ओढणारा तिथे.

हा विषय घेण्याचे कारण असे की, जिमखान्यामागच्या भिंतीवर ठोसे मारून ‘हात पक्का’ करणारे मित्र मी रोज पाहतो. त्यांतील एकाचा हात परीक्षेच्या वेळी प्लास्टरमध्ये होता. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात आणि सुटीत मीही पोती उचलतो. आमच्या घरात हात गळ्यात येणे म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडणे. त्यामुळे कराटे शिकू लागलो तेव्हा ठोशाच्या आधी मनगटाची माहिती मिळविली.

वाचकांनी एक प्रयोग आत्ताच करावा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवावे आणि मग मूठ घट्ट आवळून पाहावी. आवळली जात नाही. आतल्या दोऱ्या सैल पडतात, बाहेरच्या ताणल्या जातात. वाकड्या मनगटाची मूठ अशी ढिली असते आणि बसलेला मार तिला आणखी वाकवितो. म्हणून मुठीची पाठ आणि हाताची पाठ एका रेषेत हवी, पट्टी ठेवली तर ती टेकावी अशी. मार तर्जनी आणि मधले बोट यांच्या पेरांवर घ्यावा. या दोन बोटांमागची तळहाताची हाडे मनगटाशी घट्ट बसलेली असतात. करंगळीकडची हाडे हलती असतात. तीच बाजू आपटली की करंगळीमागचे हाड मोडते. इंग्रजीत या मोडीला मुष्टियोद्ध्याचे नाव आहे, परंतु ती बहुधा भिंतीवर राग काढणाऱ्यांनाच होते.

मनगटात होडीच्या आकाराचे एक हाड आहे, स्कॅफॉइड. हात टेकून पडल्यावर ते मोडते, क्वचित ठोशानेही. त्याचा रक्तपुरवठा उलट्या वाटेने, बोटांकडच्या टोकाने होतो, त्यामुळे ते सांधायला वेळ लागतो, आणि पहिल्या एक्स-रेत मोड दिसेलच असे नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, त्याला डॉक्टर मंडळी ‘तपकिरीची डबी’ म्हणतात. (आजोबांना हे नाव फार आवडले असते!) तेथे दाबून दुखले तर मलम चोळत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

आता बळाविषयी. कराटेचे माहेर ओकिनावा बेट. गोजू-र्यू शाखेचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांच्या परंपरेतील साधने पाहिली तेव्हा मला घरच्यासारखे वाटले. चि-इशी म्हणजे दांड्याच्या टोकाला बसविलेला दगड. निगिरी-गामे म्हणजे तोंडाशी बोटांनी धरून चालायचे मातीचे रांजण. आपल्या तालमीतला मुद्गल चि-इशीचा सख्खा भाऊ शोभेल. फिरविताना दोन्ही मनगटाला वाकवू पाहतात आणि आपण वाकू द्यायचे नाही, एवढाच तो खेळ. माकिवारा हा ठोसे मारण्याचा खांबही वर निमुळता असतो, त्यावर पेंढा गुंडाळलेला असतो आणि मार बसला की तो लवतो. भिंत लवत नाही!

मला हे साहित्य विकत घेणे शक्य नव्हते, आणि लागलेही नाही. दांड्याला सुतळीने वीट बांधून ती गुंडाळत वर घ्यायची आणि तशीच सावकाश खाली सोडायची. ओले जाड फडके दोन्ही दिशांनी पिळायचे (आईचे कामही हलके होते). बादलीत हात खुपसून बोटे उघडायची-मिटायची. यासाठी तांदूळ वापरतात, पण आमच्याकडे ते कोण देणार? मी कोरडी वाळू घेतली. मूठ मिटण्याइतकाच उघडण्याचा व्यायाम हवा, कारण आतले आणि बाहेरचे स्नायू एकदम आवळले तरच मनगट कुलूप लावल्यासारखे होते. मुठीवरचे जोर आधी भिंतीला टेकून, मग गुडघे टेकून, शेवटी जमिनीवर. खाली घडी घातलेले पोते.

घाई मात्र चालत नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरांना महिने लागतात, कारण त्यांना रक्त कमी मिळते. दंड फुगला म्हणून ठोसा वाढविणाऱ्याची गफलत इथेच होते. मी हे व्यायाम एक दिवसाआड करतो, आणि यार्डात पोती उचलली त्या दिवशी वाळूच्या बादलीला सुटी देतो.