पाण्यात पाय रोवून उभे रानजायफळ

सणासुदीला पुरणात किंवा श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. पण त्याचा एक रानटी भाऊबंद आपल्या सह्याद्रीत राहतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. आपण त्याला रानजायफळ म्हणू.

बागेतल्या जायफळाला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. रानजायफळाचे मात्र उलटे! ते ओढ्याकाठच्या दलदलीतच वाढते. हे कसे जमते? भाजीच्या वाफ्यात पाणी तुंबले की रोपे पिवळी पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मुळांनाही हवा लागते आणि चिखलात ती पुरेशी मिळत नाही. म्हणून या झाडाची काही मुळे चिखलातून वर येतात, दुमडलेल्या गुडघ्यासारखी वळतात आणि पुन्हा खाली शिरतात. या गुडघ्यांवाटे मुळांना हवा मिळते. खोडापासून फुटलेली दुसरी मुळे टेकू देतात, म्हणून भुसभुशीत चिखलातही झाड कलंडत नाही.

केरळ-कर्नाटकात अशा पाणथळ राया मोडून पुष्कळ ठिकाणी भातखाचरे आणि पोफळीच्या बागा झाल्या. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथे ‘निरंकाराची राय’ टिकून आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील अशाच राईची शास्त्रीय नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. या दोन्ही राया देवाच्या. गावकऱ्यांनी तिथे कुऱ्हाड चालवली नाही, म्हणून आज त्या दिसतात.

पण नुसती कुऱ्हाड थांबवून भागणार नाही, बरे का! वरच्या अंगाला झरा वळवला, ओढा उपसला किंवा डोंगर कापला, तर एकही झाड न तोडता राई सुकेल. मग बी पेरू म्हणाल, तर तेही सोपे नाही. हे बी वाळले की मरते. धान्यासारखे कणगीत भरून ठेवता येत नाही. ओल्या जमिनीत पडून लवकर रुजले, तरच त्याचा वंश चालतो. म्हणजे या झाडाची कणगी एकच, ती वाहती ओल.

गुरुजनांनी मुलांना आपल्या गावची देवराई अवश्य दाखवावी. झाडे मोजून झाली की त्यांना एक प्रश्न विचारावा : या राईला पाणी येते कुठून? मग मुलांना घेऊन त्या पाण्याच्या उगमापर्यंत चालत जावे. राखण तिथूनच सुरू होते.