घडीच्या कॅमेऱ्याचा फोकस कुठे चुकतो?

बटण दाबलं की झाकण उघडतं आणि भात्यासकट भिंग खटकन पुढे येऊन जागेवर बसतं. म्युनिकच्या आग्फा कारखान्यात बनलेला इझोलेट हा असाच घडीचा कॅमेरा. मिटला की कोटाच्या खिशात मावतो आणि १२० नंबरच्या एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो देतो. एवढ्या मोठ्या निगेटिव्हसाठी हौशी मंडळी आजही असे जुने कॅमेरे शोधून घेतात. पहिला रोल धुऊन येतो, फोटो धूसर निघतात आणि खापर भिंगावर फुटतं. भिंग बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

या कॅमेऱ्यात फोकस करताना अख्खं भिंग सरकत नाही; सर्वांत पुढची काच तेवढी आट्यांवर फिरून किंचित पुढे-मागे होते. इझोलेटच्या या आट्यांमधलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षांत सुकून डिंकासारखं घट्ट होतं. मग रिंग फिरत नाही. जोर लावला तर फिरते, पण चिकटलेली मधली काचही सोबत फिरू लागते. रिंगवरचे आकडे बदलतात, दोन काचांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं! अशा रिंगशी झटापट करू नये. आट्यांवर लायटरच्या इंधनाचे थेंब सोडून धीर धरावा, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत उष्णता अजिबात देऊ नये.

काच सुटली, आटे साफ झाले, की खरं काम सुरू होतं. मागचं झाकण उघडून, फिल्म ज्या आतल्या रुळांवर टेकते तिथे दुधी काच ठेवायची, खरखरीत बाजू भिंगाकडे. शटर ‘बी’वर उघडं धरायचं, अ‍ॅपर्चर पूर्ण मोकळं. लांबच्या एखाद्या टॉवरवर रोखून, दुधी काचेवरची प्रतिमा हातातल्या बहिर्गोल भिंगातून न्याहाळत पुढची काच हळूहळू फिरवायची. टॉवरच्या सळया सर्वांत रेखीव दिसल्या की रिंग अनंताच्या खुणेवर आणून तिच्या कडेचे बारीक स्क्रू कसायचे. हे काम घाईचं नाही. पाव मिलिमीटरची चूकसुद्धा एफ/३.५ला फोटोत उतरते.

१९३४ साली आलेल्या झाइस इकॉनच्या सुपर इकोंटा या घडीच्या कॅमेऱ्यात अंतर मोजणारा रेंजफाइंडर दातेरी चाकांनी पुढच्या काचेशी जोडलेला असतो. दुरुस्तीत काच चुकीच्या आट्यावर चढली, तर रेंजफाइंडर एक अंतर सांगतो आणि भिंग दुसरंच धरतं. तिथे आधी भिंग, मग रेंजफाइंडर, हाच क्रम ठेवावा.

निगेटिव्हही पुष्कळ सांगते. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर असेल तर भिंग धरणाऱ्या पट्ट्या सैल होऊन ते तिरकं बसलंय. मधला भाग मऊ असेल तर संशय फिल्मवर घ्यावा. कॅमेरा झटक्यात उघडला की भाता हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते. म्हणून आधी कॅमेरा सावकाश उघडावा आणि मगच रोल पुढे सरकवावा.

रेंजफाइंडर नसलेल्या कॅमेऱ्यात अंतर अदमासानेच ठरवावं लागतं. ७५ मिलिमीटरच्या भिंगाने एफ/३.५ला २ मीटरवरचा चेहरा टिपताना जेमतेम २५ सेंटिमीटरची पट्टी रेखीव येते. तेच एफ/११ ठेवून रिंग १० मीटरवर लावली, तर ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं. आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, एवढं मात्र रिंगवर आधी पाहून घ्यावं.