पाळण्याचा जुना रंग

चिमूरचें नांव बाहेरच्या लोकांना बहुधा दोन कारणांनी ठाऊक असतें. एक, १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव. आणि दुसरें, माघ महिन्यांत भरणारी बालाजीची घोडायात्रा. त्या यात्रेंतला घोडा लाकडाचा. लाकडाशीं असलेलें या गांवाचें नातें देवळापासून सुरू होतें आणि घरोघरच्या माळ्यावर जाऊन थांबतें. तेथें आजीच्या वेळचा पाळणा असतो, एक चाक निखळलेला पांगुळगाडा असतो, मुलांचे पाट, एखादी बुटकी खुर्ची, आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें आपापले लाकडी बैल मिरवितात, त्यांतलाच हा एक. घरांत नवें मूल येणार असें कळलें कीं हें सारें सामान खालीं उतरतें, फडक्यानें पुसलें जातें, आणि रंगाचा डबा आणण्यासाठीं कोणीतरी बाजाराकडे धांवतें.

ही हौस वाईट नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतला साग दोन-तीन पिढ्या सहज टिकतो. त्याच्या अंगच्या तेलामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं याच भागांतला साग गेला. असल्या लाकडाचा पाळणा मोडींत काढून त्याजागीं भुशाच्या फळ्यांचा नवा आणणें याला काटकसरहि म्हणतां येत नाहीं आणि रसिकताहि नाहीं. अडचण आहे ती त्या लाकडावर बसलेल्या जुन्या रंगाची.

लहान मूल जगाची पहिली ओळख करून घेतें ती तोंडानें. दांत येऊं लागले, हिरड्या शिवशिवूं लागल्या, कीं हाताशीं येईल तें तें चावावयाचें हा त्याचा क्रमच. पांगुळगाड्याचा आडवा दांडा नीट पाहिला तर त्यावर घरांतल्या दोन पिढ्यांच्या दांतांच्या खुणा सांपडतात. त्या दांड्यावर जो रंग असेल तो कणाकणानें पोटांत जातो.

जुन्या रंगांत काय असे, हें रंगाऱ्यांच्या जुन्या शब्दांवरूनच समजतें. सफेदा हा पुष्कळदा शिशापासून केलेला असे. शेंदूर म्हणजे शिशाचेंच तांबडें भस्म. हे दोन्ही कालवून लाकडाला गुलाबी अस्तर देण्याची चाल होती. पिवळ्यांत क्रोम पिवळा, त्यांत शिसें. त्यांतच निळा मिसळला कीं हिरवा. जवसाचें तेल लवकर वाळावें म्हणून तें मुरदाडशिंग घालून कढवीत, आणि मुरदाडशिंगहि शिशाचाच एक प्रकार. रंगाऱ्यांचा यांत कांहीं कुटिल हेतु नव्हता. शिशाचा रंग दाट बसतो, झटकन वाळतो, ऊनपाऊस सोसतो. गिऱ्हाईकहि तोच मागे.

मोठ्या माणसाच्या पोटांत गेलेलें बरेंचसें शिसें तसेंच बाहेर पडतें. लहान मूल मात्र त्याच्या चार-पांच पट शोषून घेतें. आहारांत लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. तें हाडांत सांठतें, मेंदूच्या वाढीस अपाय करतें, आणि बाहेरून पुष्कळदा कांहींच दिसत नाहीं. ताप नाहीं, पुरळ नाहीं. मूल थोडें चिडखोर होतें, मधूनमधून पोट दुखतें म्हणतें, पुढें शाळेंत मागें पडतें. आणि घरचीं माणसें त्याला आळशी ठरवून मोकळीं होतात. अमुक इतकें शिसें निर्धोक, असा आंकडा जागतिक आरोग्य संघटनेला आजवर देतां आलेला नाहीं.

या गोष्टीचा उलगडा झाला तो ऑस्ट्रेलियांत, आणि तोहि लाकडी ओसऱ्यांवर. क्वीन्सलँड प्रांतांतल्या ब्रिस्बेन शहरीं मुलांना शिशाची बाधा होत आहे हें १८९२ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानीं आलें. पण शिसें येतें कोठून हें कळेना. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यानें १९०४ सालीं ओसरीच्या कठड्याकडे बोट दाखविलें. कठड्याचा रंग उन्हानें भुकटी होतो, भुकटी मुलांच्या बोटांना लागते, आणि अंगठा चोखणाऱ्या, नखें खाणाऱ्या मुलांच्या पोटांत ती जाते, असें त्याचें म्हणणें. तें कायद्यांत उतरावयास १९२२ साल उजाडलें. ज्या मुलुखांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो तेथें ओसरीवर पडलेल्या पांगुळगाड्याचें काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

भारतांत घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला नियमांनी बांध घातला तो २०१६ सालीं, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें, आणि तसें डब्यावर छापलेलें असावें, असा तो नियम. तेव्हां त्याआधीं रंगविलेल्या वस्तूंत शिसें आहे असेंच धरून चालणें बरें. यंत्रांच्या व वाहनांच्या रंगांना हा नियम लागू नाहीं. ट्रॉली रंगवून उरलेला डबा किंवा बैलांचीं शिंगें रंगवून राहिलेला बिननांवाचा रंग नंदीला फासण्याचा मोह होतो, तो आवरावा.

खरी चूक होते ती जुना रंग काढतांना. कोरडा काचकागद घेऊन पाळणा घासावयास बसलें कीं आतांपर्यंत लाकडाला चिकटून राहिलेलें शिसें धूळ होऊन जमिनीवर, अंथरुणावर, पाण्याच्या माठावर जाऊन बसतें. ज्योतीनें रंग जाळून खरवडणें त्याहून वाईट, कारण मग तें श्वासांत जातें. मुलासाठीं केलेली साफसफाई मुलालाच भोंवावी, अशांतला हा प्रकार.

म्हणून जेथें जुना थर घट्ट आहे आणि जेथें मुलाचें तोंड पोंचत नाहीं, तेथें तो तसाच राहूं द्यावा. साबणाच्या पाण्यानें धुवावा, ओल्या काचकागदानें हलकेंच घांसून वर नवे हात द्यावे. जेथें तोंड पोंचतें तेथें वरून रंग देऊन भागत नाहीं. दांत नव्या थराखालून जुना उकरून काढतात. तेथें दांडाच बदलावा. सुताराला हें काम जड नाहीं आणि खर्चहि थोडा. त्याच वेळीं कठड्याच्या गजांतलें अंतर मोजून घ्यावें. सहा सेंटिमीटरांहून अधिक असेल तर मध्यें आणखी गज घालावे, नाहींतर मुलाचें अंग त्यांतून निसटतें आणि डोकें अडकतें.

खरवडणें अगदीं अटळ असेल तर तें घराबाहेर, वारा नसतां, खालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरून, लाकूड सतत ओलें ठेवून करावें. नाकातोंडावर चांगला मुखपट्टा असावा. मुलें आणि गरोदर बाई त्या दिवशीं शेजारीं जाऊन राहिलेलीं बरीं. निघालेल्या खपल्या पिशवींत बांधाव्या. त्या चुलींत घालूं नयेत, परसांत झाडूं नयेत. अंगावरचे कपडे वेगळे धुवावे.

लाकूड मोकळें झालें म्हणजे रंगाची घाई कशाला? सागाचा स्वतःचा रंग कोणत्याहि डब्यांतल्या रंगापेक्षां देखणा असतो. विदर्भांत पिकणारें जवसाचें कच्चें तेल फडक्यानें पातळ चोळावें, उरलें तें पुसून घ्यावें, आणि पुष्कळ दिवस वाळूं द्यावें. एक मात्र विसरूं नये: त्या तेलानें भिजलेलीं फडकीं बोळा करून टाकलीं तर आपोआप तापून पेट घेतात. तीं पाण्यांत बुडवावीं किंवा बाहेर मोकळीं पसरावीं. नंदीसारख्या वस्तूला लाखेचें पॉलिश उत्तम. हीच लाख शुद्ध करून मिठाईवर चकाकीसाठीं देतात, इतकी ती निरुपद्रवी; परंतु ओलाव्यापुढें ती टिकत नाहीं, म्हणून पाळण्याच्या तळाला नको.

रंग हवाच असेल तर साग आधीं तारपिनानें पुसावा. त्याच्या अंगचें तेल रंगाला वाळूं देत नाहीं आणि पुढें पापुद्रे सुटतात. त्यावर लाखेचा एक हात, मग अस्तर, मग डब्यावरचा मजकूर वाचून घेतलेला रंग. आणि तोहि पाळण्याच्या पायांना, पाठीच्या फळीला, गाड्याच्या चाकांना. एका हातानंतर दुसऱ्या हाताला पुरता दिवस जाऊं द्यावा. पोळा येतो श्रावणाच्या अमावास्येला, हवा ओलसर असते तेव्हां. आदल्या रात्रीं रंगविलेला नंदी दुसऱ्या दिवशीं मिरवणुकींतून परत येतो तो पाठीवर पांच छोट्या बोटांचे ठसे घेऊन, आणि तेवढा रंग त्या बोटांवर असतो. नंदी निदान पंधरा दिवस आधीं रंगवून उंच फळीवर ठेवावा.