चार कार्डांवर बंदी आली आणि खेळाडू भडकले: 'मॅजिक'चा स्पर्धेतला डेक नेमका बांधतात कसा?

२३ सप्टेंबर २०२४ रोजी 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळातल्या चार कार्डांवर बंदी आली. ही बंदी कुठल्या सरकारने घातली नव्हती, खेळ बनवणाऱ्या कंपनीनेही नाही. या खेळाच्या 'कमांडर' प्रकाराचे नियम ठरवणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका छोट्या समितीने ती घातली होती.

त्यानंतर समितीच्या सदस्यांना धमक्या येऊ लागल्या. आठवडाभरातच, ३० सप्टेंबरला, समितीने कमांडरचा कारभार 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे सोपवल्याचं जाहीर झालं.

चार कार्डांवरून एवढं रामायण का घडलं? त्याचं उत्तर स्पर्धेतला डेक कसा बांधला जातो, यात दडलेलं आहे.

हा खेळ आहे तरी काय?

रमी किंवा मेंढीकोट खेळताना सगळ्यांसाठी पत्त्यांचा एकच कॅट असतो. कुणाच्या वाट्याला कोणती पानं येतील, हे नशीब ठरवतं. 'मॅजिक'मध्ये मात्र प्रत्येक जण स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. त्यालाच डेक म्हणतात.

गणितात डॉक्टरेट केलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. आजवर त्याची हजारो वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. 'माना' ही या खेळातली ऊर्जा. ती प्रामुख्याने 'लँड' प्रकारच्या कार्डांतून मिळते आणि ती खर्च करून बाकीची कार्डं खेळता येतात.

'कमांडर' हा प्रकार कंपनीने नव्हे, तर खेळाडूंनी जन्माला घातला. त्याचं मूळ नाव 'एल्डर ड्रॅगन हायलँडर'. शेल्डन मेनरी यांनी तो लोकप्रिय केला आणि २०११ मध्ये कंपनीने या प्रकारासाठी तयार डेक विकायला काढले.

यात साधारणपणे चार जण खेळतात आणि प्रत्येक जण एकटा असतो, जोडीदार नसतो. प्रत्येकाच्या डेकमध्ये १०० कार्डं असतात. त्यातलं एक म्हणजे कमांडर, जे सुरुवातीपासून बाजूला उघडं ठेवलेलं असतं. उरलेल्या ९९ कार्डांत मूलभूत लँड सोडून कोणतंही कार्ड दोनदा ठेवता येत नाही. शिवाय कमांडरच्या कार्डावर जे रंग असतील, त्याच रंगांची कार्डं डेकमध्ये चालतात.

९९ कार्डांत हवं ते कार्ड सापडणार कसं?

खरी अडचण इथे सुरू होते. सुरुवातीला प्रत्येकाला सात कार्डं मिळतात. एखादं ठरावीक कार्ड त्या सातांत असण्याची शक्यता जेमतेम ७ टक्के असते. दोन ठरावीक कार्डं एकत्र येण्याची शक्यता तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

म्हणून स्पर्धेत उतरणारा खेळाडू एकेका कार्डाचा विचार न करता कामांचा विचार करतो. समजा, लवकर माना मिळवून देणारी दहा वेगवेगळी कार्डं डेकमध्ये ठेवली, तर त्यातलं किमान एक पहिल्या सातांत येण्याची शक्यता सुमारे ५४ टक्क्यांवर जाते. चौघांच्या डावात नको असलेला पहिला हात परत देऊन पुन्हा सात कार्डं घेता येतात, तेही कोणतंही नुकसान न होता. हे धरलं तर तीच शक्यता सुमारे ७९ टक्के होते.

एकच कार्ड दोनदा ठेवायचं नाही, या नियमाला असा वळसा घातला जातो. कार्ड एकदाच असतं, पण काम दहादा असतं.

आधी शेवट, मग सुरुवात

नवखा खेळाडू आवडती कार्डं गोळा करतो आणि मग जिंकायचं कसं ते बघतो. स्पर्धेचा डेक मात्र उलट्या बाजूने बांधला जातो. डाव संपवायचा कसा, हे सगळ्यात आधी ठरतं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे दोन कार्डांची एक जोडी. पहिलं 'थासाज ऑरॅकल'. आपली गड्डी रिकामी असताना ते टेबलावर आलं तर खेळणारा तिथल्या तिथे जिंकतो. दुसरं 'डिमॉनिक कन्सल्टेशन'. यात एका कार्डाचं नाव घ्यायचं असतं आणि ते सापडेपर्यंत गड्डीतली कार्डं खेळाबाहेर काढत जायची असतात.

आता डेकमध्ये नसलेल्याच कार्डाचं नाव घेतलं तर? संपूर्ण गड्डी खेळाबाहेर जाते. एरवी हा आत्मघात ठरला असता, कारण रिकाम्या गड्डीतून कार्ड ओढायची वेळ आली की खेळाडू हरतो. पण ऑरॅकल सोबत असेल तर हाच आत्मघात विजय बनतो. या सगळ्याचा खर्च फक्त तीन माना.

मग उरलेला डेक या जोडीभोवती उभा राहतो. 'डिमॉनिक ट्युटर'सारखी कार्डं गड्डीतून हवं ते कार्ड शोधून देतात, म्हणून असं प्रत्येक कार्ड जोडीतल्या हरवलेल्या अर्ध्या भागाची जागा घेऊ शकतं. काही कार्डं लवकर माना देतात, काही जास्तीची कार्डं हाती आणतात आणि काही समोरच्याची चाल रोखतात. यापैकी कशातच न बसणाऱ्या कार्डाला जागा नसते.

चौघांच्या टेबलावर हिशोब बदलतो

दोघांच्या डावात समोरच्याचं एक कार्ड आपलं एक कार्ड खर्चून रोखलं, तर हिशोब बरोबरीत सुटतो. चौघांच्या डावात तसं होत नाही. एकाला रोखताना तुमचं एक आणि त्याचं एक कार्ड जातं, बाकीचे दोघे मात्र फुकटात पुढे सरकतात. रोखलं नाही तर डावच हातचा जातो. त्यामुळे 'कुणी रोखायचं?' यावर टेबलावर रीतसर वाटाघाटी होतात. जो उघडपणे पुढे दिसतो, त्याच्यावर तिघे मिळून तुटून पडतात.

कार्डांची किंमतही इथे बदलते. 'ऱ्हिस्टिक स्टडी' हे कार्ड घ्या. प्रतिस्पर्धी काहीही खेळला की त्याने एक जादा माना द्यायचा, नाहीतर तुम्हाला एक कार्ड मिळतं. एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर ते संथ वाटतं. तीन प्रतिस्पर्धी असले की तेच कार्ड हात भरून टाकतं.

तसंच प्रत्येकाची सुरुवात ४० गुणांच्या आयुष्याने होते. म्हणजे तिघांना हल्ला करून हरवायचं तर १२० गुण कापावे लागतात. तेवढा वेळ स्पर्धेच्या टेबलावर कुणी देत नाही. म्हणूनच इथे एका फटक्यात डाव संपवणाऱ्या जोड्यांचं राज्य आहे.

सुधारणा म्हणजे काय काढायचं ते ठरवणं

डेक बांधून झाला की त्याला घासूनपुसून घेण्याचं काम सुरू होतं. खेळाडू एकट्यानेच गड्डी पिसून पहिले सात पत्ते पुन्हा पुन्हा बघतात. हा हात ठेवला असता की परत दिला असता, याची नोंद करतात. डावात कोणतं कार्ड हाती आल्यावर 'हे आत्ता का आलं?' असं वाटलं, तेही लिहून ठेवतात. बाहेर जाणाऱ्या कार्डांची यादी या नोंदींतूनच तयार होते.

इथे मोठा सापळा असतो तो निकालांचा. चौघांत तुल्यबळ डेक असेल तर २० डावांत सरासरी ५ विजय मिळायला हवेत. समजा, एक कार्ड बदललं आणि ८ डाव जिंकले. सुधारणा झाली म्हणायचं का? डेक अजिबात सुधारला नसला, तरी निव्वळ नशिबाने ८ किंवा त्याहून अधिक विजय मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. दोन किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यताही सुमारे ९ टक्के आहे. म्हणून जाणकार खेळाडू एका वेळी मोजकीच कार्डं बदलतात आणि विजयापेक्षा कारणाची नोंद ठेवतात: डाव कशामुळे गेला? माना कमी पडला, रोखणारं कार्ड नव्हतं, की घाई झाली?

मग बंदीने एवढं काय बिघडलं?

बंदी आलेल्या चार कार्डांपैकी 'माना क्रिप्ट' खेळायला काहीच खर्च येत नाही आणि ते दर पाळीला दोन माना देतं. 'ज्वेल्ड लोटस' एकदाच, पण कमांडर खेळण्यासाठी फुकटात तीन माना देतं. 'डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट' प्रतिस्पर्ध्यांकडे जेवढ्या विशिष्ट वस्तू, तेवढा जादा माना मिळवून देतं. चौथं कार्ड होतं 'नाडू, विंग्ड विझडम'. पहिल्याच पाळ्यांत एक जण सुसाट सुटतो आणि बाकीचे तिघे बघत बसतात, हा समितीचा मुख्य आक्षेप होता.

घरगुती टेबलासाठी तो पटण्यासारखा होता. पण स्पर्धेच्या डेकमध्ये हा वेगच पाया असतो. त्यातली दोन-तीन कार्डं गेली की किती लँड ठेवायच्या, कोणता कमांडर घ्यायचा, जोडी कोणत्या पाळीला जमेल, हे सगळं नव्याने मांडावं लागतं. शिवाय माना क्रिप्टसारख्या कार्डासाठी लोकांनी १०० डॉलरहून अधिक मोजले होते. रात्रीत त्या कार्डाची जागा खोक्यात गेली.

धमक्यांचं समर्थन यातल्या कशानेही होत नाही. पण राग कुठून आला, ते यातून कळतं.

त्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कंपनीने कमांडरच्या डेकसाठी पाच पातळ्यांची पद्धत चाचणीसाठी आणली. पाचवी पातळी स्पर्धेच्या डेकची आहे. डाव सुरू होण्याआधीच कुणी काय आणलंय हे चौघांना कळावं, हा त्यामागचा हेतू. घासूनपुसून तयार केलेला डेक चुकीच्या टेबलावर काढला, तर तो जिंकतो खरा, पण पुढच्या डावाला समोर कुणी बसत नाही.