चालू विनियोगाच्या देणग्या, विद्यापीठीय

विद्यापीठाला मिळालेली जी रक्कम मुद्दल म्हणून गुंतवून न ठेवता त्याच वर्षी किंवा त्यानंतर लवकरच शैक्षणिक कार्यासाठी खर्च करण्यास दात्याची अनुमती असते, तिला चालू विनियोगाची देणगी म्हणतात. याउलट, कायमनिधीसाठी दिलेल्या देणगीत मुद्दल अबाधित ठेवून केवळ त्याच्या उत्पन्नाचा उपयोग करावयाचा असतो. हे दोन्ही प्रकार विद्यापीठांच्या अर्थव्यवहारात शेजारी शेजारी आढळतात. तथापि त्यांची कार्ये भिन्न आहेत.

दोहोंतील भेद साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. एक लाख रुपयांचा कायमनिधी ठेवून त्यातून दरवर्षी ५ टक्के रक्कम काढल्यास ५,००० रुपये मिळतात. मूळ रकमेइतका खर्च होण्यास वीस वर्षे लागतात. मात्र पुढेही हा ओघ चालू राहतो. तेवढीच रक्कम चालू विनियोगासाठी दिल्यास ती सर्वच्या सर्व त्या वर्षी उपलब्ध होते. शुल्क न भरता आल्यास याच सत्रात शिक्षण सोडावे लागेल, अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक केवळ आकड्यांचा नाही. याच हिशेबाची दुसरीही बाजू आहे. दरवर्षी एक लाख रुपये उत्पन्न हवे असेल, तर वीस लाखांचा कायमनिधी लागतो. शंभर माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी प्रत्येकी एक हजार रुपये दिल्यास तेवढेच उत्पन्न कोणत्याही मुद्दलावाचून उभे राहते. लहान देणग्यांचे महत्त्व त्यांच्या सातत्यात आहे, ते यामुळेच.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १७०१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेस ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रास येथील माजी गव्हर्नर एलिहू येल (१६४९–१७२१) याने १७१८ मध्ये नऊ गासड्या माल, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र भेट दिले. मालाच्या विक्रीतून साडेपाचशे पौंडांहून अधिक रक्कम आली आणि ती न्यू हेवन येथील इमारतीच्या कामी लावण्यात आली. संस्थेस येलचे नाव मिळाले, ते अशा लगोलग खर्च झालेल्या देणगीमुळे. याच विद्यापीठात १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९४० मध्ये अशीच योजना आखली. अशा योजनांत त्या त्या वर्षीच्या पदवीधरांपैकी काही स्वयंसेवक आपल्या सहाध्यायांना दरवर्षी आवाहन करतात. एकूण रकमेइतकेच देणगीदारांच्या संख्येलाही महत्त्व दिले जाते.

या निधीचा विनियोग मुख्यत्वे गरजू विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य, अध्यापन, ग्रंथालये व प्रयोगशाळा, इमारतींची निगा इ. बाबींवर होतो. मोठ्या कायमनिधींचा बराचसा भाग दात्यांच्या अटींनी विशिष्ट अध्यासन, शिष्यवृत्ती वा विषय यांना बांधलेला असतो. अनपेक्षित निकडीसाठी तो वळविता येत नाही. अटी नसलेली चालू देणगी मात्र प्रशासनास निवडीची मोकळीक देते. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे वसतिगृहे अचानक बंद झाली, तेव्हा अमेरिका व ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी विद्यार्थ्यांचा प्रवास, घरभाडे व संगणक यांसाठी तातडीचे साहाय्य निधी उभारले.

महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा आरंभीचा डोलारा वार्षिक वर्गण्या व किरकोळ देणग्या यांवर उभा होता. त्यांसाठी कर्वे यांना सतत दौरे करावे लागत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली व त्यांच्या मातुःश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. या देणगीने संस्थेस स्थैर्याचा आधार दिला. पण ती मिळेपर्यंत विद्यापीठ चालू ठेवले ते किरकोळ रकमांनीच. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतील मुष्टिफंड ही विद्यापीठीय कक्षेबाहेरची असली, तरी त्याच तत्त्वावरची योजना होय. घरोघरी रोज बाजूला काढलेले मूठभर धान्य वसतिगृहातील मुलांच्या जेवणाच्या कामी येई.

भारतीय प्राप्तिकर कायद्यातही हा भेद मानलेला आहे. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय न्यासाने वर्षातील उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम सामान्यतः आपल्या उद्दिष्टांसाठी उपयोगात आणावी, असा नियम आहे. मूलनिधीसाठी म्हणून दात्याने विशिष्ट निर्देशासह दिलेली देणगी या हिशेबातून वेगळी ठेवता येते. त्यामुळे देणगी देताना तिचा हेतू स्पष्ट नमूद करणे दाता व संस्था या दोघांच्याही हिताचे ठरते.

चालू देणग्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्या दरवर्षी नव्याने मिळवाव्या लागतात. मंदीच्या काळात, म्हणजे विद्यार्थ्यांची गरज वाढते तेव्हाच, त्या आटण्याचा संभव असतो. कायम वेतनाचा भार त्यांवर टाकणे धोक्याचे असते. तसेच एखाद्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी दिलेले साहाय्य पुढील वर्षी निधीअभावी बंद पडल्यास त्याची स्थिती पूर्वीपेक्षाही बिकट होते. म्हणून अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंतची तरतूद आधी बाजूला ठेवणे, थोडी शिल्लक राखणे आणि खर्चाचा हिशेब दात्यांपुढे वेळच्या वेळी मांडणे आवश्यक असते. कायमनिधी पुढील पिढ्यांची तरतूद करतो, तर चालू देणगी आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण खंडित होऊ देत नाही. साहाय्य मिळालेला विद्यार्थी पुढे स्वतः दाता झाल्यास खर्च झालेली रक्कम एका अर्थी परत येते; वार्षिक निधीचे सातत्य बऱ्याच अंशी या कृतज्ञतेवरच अवलंबून असते.