ठसा घराण्याचा की माणसाचा?

बाळाच्या बोटांवरील शंख-चक्रे मोजण्याची हौस आपल्याकडे अनेक घरांत आहे. ‘अगदी आजोबांसारखी’ असे कुणी म्हणते, तेव्हा त्यात काही तथ्यही असते. ठशाचा स्थूल आकार आणि त्यातील रेषांची संख्या यांवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव असतो. मात्र एखादी रेषा नेमकी कुठे खंडित होते वा दुभंगते, हे गर्भाच्या वाढीतील सूक्ष्म योगायोगांवरही अवलंबून असते. म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचे ठसेही तंतोतंत जुळत नाहीत. आराखडा घराण्याचा, तपशील ज्याचा त्याचा.

या शास्त्राचा प्रशासकीय उगम भारतातला. बंगालमधील जंगीपूर येथे 1858 मध्ये विल्यम हर्शेल यांनी एका करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय स्थापन झाले. तेथील वर्गीकरण पद्धतीच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोलाचा वाटा होता. त्याआधी फ्रान्सिस गाल्टन यांनी ठशांत वंशाची खूण शोधून पाहिली होती. 1892 च्या ग्रंथात त्यांना ती आढळली नसल्याचे मान्य करावे लागले.

तरीही राज्यसत्तेने हा बोध घेतला नाही. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानण्याचा पायंडा पडला होता. 1911 च्या सुधारित कायद्याने अशा जमातींतील नोंदणीकृत व्यक्तींचे ठसे घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. विसंगती पाहा: ठसा घ्यायचा, कारण प्रत्येक माणूस वेगळा, आणि संशय घ्यायचा, कारण सारे एकाच कुळातले.

1952 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. परंतु कायदा गेला तरी सवय उरते. कुठे चोरी झाली की पुरावा हाती येण्याआधीच विशिष्ट वस्तीकडे बोट दाखवले जाते, हे सेवाकाळात मी अनेकदा पाहिले. आज ठसे संगणकात साठवले जातात आणि क्षणार्धात पडताळले जातात. साधन अधिक तीक्ष्ण झाले. ते वापरणाऱ्याची दृष्टीही तशी व्हायला हवी. ठसा एका व्यक्तीची साक्ष देतो. तिच्या कुळाविरुद्ध नव्हे. बोट दाखवण्यापूर्वी शासनाने एवढे तरी ध्यानात ठेवावे.